वजनाची जागा

खोक्यातून बारा नळ्या निघाल्या, निळ्या, वळ्यावळ्यांच्या,
रबरी पायांचं एक हिरवट कासव,
आणि सात भाषांतलं पुस्तक. त्यात मराठी नव्हती.
कंपनीचा दोडिया म्हणून मुलगा आला होता,
शर्ट इन केलेला, पँट घोट्याच्या वर दुमडलेली.
म्हणाला, काका, तुमची ब्रशची कटकट संपली आता.
मी म्हटलं, बघू.

भिंतीतल्या भोकापासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत मोजायचं,
अकरा नळ्या, आणि वर एक.
जोडताना तोंड ओलं करायचं, म्हणजे फिरवून घट्ट बसतं.
मग सगळी माळ पाण्यात उभी सोडायची, सावकाश,
आतली हवा बुडबुडत निघून जाईपर्यंत.
हवा राहिली की पंप खोकतो.
हे मला सांगायला नको,
पंपाशी माझं बोलणं सात वर्षांचं.

सहाव्या मजल्यावर तलाव, त्याच्या पोटाखाली पार्किंग.
कठड्यापलीकडे कांजूरची मिठागरं, मग तिवरं, मग खाडी.
आमचा पाडा इथून दिसत नाही.
कुठे असेल ते कळतं.

पहिल्या दिवशी कासव एकाच जागी गोल फिरलं.
व्हॉल्व्ह पाव उघडला, अर्धा उघडला, परत पाव.
दुसऱ्या दिवशी ते पोट वर करून तरंगलं.
चौदाव्या मजल्यावरून टोलानीबाईंनी विचारलं,
मेलं का हो ते?
दोडियाने फोनवर चित्र पाठवलं:
वजन इथे. लाल बाण.
बाणावर लावलं. परत पोट वर.

मग मी फोन खिशात टाकला
आणि नळी तळहातावरून सोडत गेलो.
बाबा डोलीला शिसं बांधायचे तेव्हा मोजायचे नाहीत,
दोरी सरकत राहायची
आणि एका जागी अंगठा थांबायचा.
इथंच का, विचारलं तर चिडायचे.
मला जाळं जमलं नाही.
खाडीत मासळी उरली नाही, असं मी लोकांना सांगतो.
खरं म्हणजे मला होडीत उलटी व्हायची.
तरी अंगठा थांबला,
बाणाच्या दीड वीत पुढे.

पाणी परत सोडणारी तोंडंही वळवली,
दोन तळाकडे, एक भिंतीकडे,
नळीला धक्का बसू नये म्हणून.
आणि कासव निघालं.
टक टक टक टक, सोनमोहराच्या पाकळ्या,
कबुतराचं पीस, मेट्रोच्या कामाची धूळ,
कुणाच्या तरी केसांची पिन.

मंगळवारी, तलाव बंद असतो तेव्हा, ते शिडीत घुसलं.
आकडीने ओढलं, निघेना.
पाटी वाचली: कर्मचाऱ्यांनी तलावात उतरू नये.
पहाटेचे पाच. गणवेश काढून घडी घातली,
पाटीखालीच ठेवली
आणि उतरलो.

आतून पाणी तेवढं निळं नाही.
पंप कानाला नाही, दातांना ऐकू येतो.
बारा फुटी दांड्याने मी हा तळ सात वर्षं घासला,
एक लादी फुटकी आहे, असं दोनदा लिहूनही दिलं.
बोट फिरवलं तर फुटकी नाही,
वर सिमेंटचा थेंब आहे, वाळलेला,
बांधणाऱ्याच्या हातून सांडलेला.
श्वास संपेपर्यंत तिथेच राहिलो.
कासव बाजूला पाय झाडत होतं.

आता सगळं सुरळीत आहे. कमिटीने तसं नोंदवलंय.
फक्त सोमवारी रात्री पंपघर बंद करताना
मी वजन दीड वीत मागे घेतो, बाणावर,
एक तोंड हळूच शिडीकडे वळवतो.
दोडिया म्हणतो, काका, असं व्हायला नको खरं तर.
मी रजिस्टरात लिहितो:
यंत्र शिडीत अडकले. सोडवले.
लागलेला वेळ, पंचवीस मिनिटे.